ऐकू येणे आणि ऐकणे

डोळ्यांना पापण्या आहेत. नको ते दृश्य समोर आले, तर त्या मिटून घेता येतात. कानांना तशी सोय नाही. झोपेतही ते उघडेच असतात. त्यामुळे दिवसभरात आपल्या कानांवर असंख्य आवाज पडतात. कुकरची शिट्टी, फेरीवाल्याची हाक, शेजारच्या घरातील दूरदर्शन संच, रस्त्यावरचे भोंगे हे सारे आपल्याला ऐकू येते. परंतु त्यांतले आपण ऐकतो किती? मराठी भाषेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. 'ऐकू येणे' हे आपोआप घडते. 'ऐकणे' मात्र आपल्याला करावे लागते. इंटरनेटमुळे आज गाणी, नभोवाणी आणि चित्रफिती यांचे अफाट भांडार प्रत्येकाच्या मुठीत आले आहे. अशा वेळी या दोन क्रियांमधील अंतर नव्याने ध्यानात घेण्यासारखे आहे.

माझे बालपण बडोद्याला गेले. गायकवाडांच्या राजवटीपासून तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घरात मराठी, अंगणाबाहेर गुजराती आणि शाळेत दोन्हींची सरमिसळ, अशा वातावरणात आम्ही भावंडे वाढलो. आमच्या दिवाणखान्यातील फडताळावर लाकडी पेटीचा रेडिओ असे आणि त्यावर आईने विणलेले जाळीचे आच्छादन असे. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. दिवसा मुंबई केंद्राचा आवाज खरखरीत बुडून जाई. परंतु रात्री जेवणे आटोपल्यावर वडील काटा हळूहळू फिरवीत आणि एका नेमक्या जागी मुंबईची मराठी स्वच्छ उमटे. 'रात्रीच का?' असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले होते : रेडिओच्या मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या उंच थरात शोषल्या जातात, रात्री मात्र त्या त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोचतात. त्या वयात मला त्यातले एवढेच उमगले, की आपली भाषा रात्री आकाशाला टेकून आपल्या घरी येते.

रेडिओ एक आणि ऐकणारे सात, असा आमचा संसार होता. 'आपली आवड' लागली, की गप्पा थांबत. 'पुन्हा प्रपंच' मधील टेकाडे भावजी बोलू लागले, की आजोबा चष्मा काढून ठेवीत. जणू डोळ्यांचे काम संपले आणि आता कानांचे सुरू झाले. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांचा आवाज येई, तेव्हा थोरला भाऊ कोणाला हूं की चूं करू देत नसे. एकदा निसटलेले वाक्य पुन्हा मिळत नसे. त्यामुळे सगळे एकाच वेळी, एकाच गोष्टीला कान देऊन बसत. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे. ऐकणे हे असेच असते, अशी आमची समजूत होती.

आई याबाबतीत आमच्याहून भाग्यवान. तिचे माहेर पुण्याचे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडके यांचे. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली. आईच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडी रेडिओ होता. त्या खोलीत वाड्यातली सगळी माणसे दाटीवाटीने बसत. आई आणि तिच्या तीन मैत्रिणी यांनी आपापसांत कडवी वाटून घेतली होती. प्रत्येकीने आपले कडवे तेवढे लक्षात ठेवायचे आणि मागाहून वहीत उतरवायचे. चौघींची कडवी जोडली, की गीत पुरे होई. एखादी ओळ हुकली, तर दुसऱ्या कोणाला तरी ती आठवत असेलच, या विश्वासाने जिन्यातून चौकशी होई. ती वही पुढे कोठेतरी गहाळ झाली. पण त्यातली पुष्कळशी गीते आईला आजही मुखोद्गत आहेत.

दुर्मीळतेचा असा एक गुण असतो. ती माणसाला थांबावयास लावते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. भीमसेन जोशी लहानपणी गदगला अब्दुल करीम खाँसाहेबांची अशीच एक तबकडी एका दुकानात वाजताना ऐकत. तसे आपल्यालाही गाता यावे, या ध्यासाने त्यांनी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. त्या दुकानावरून रोज कितीतरी माणसे गेली असतील. गाणे सर्वांनाच ऐकू आले असेल. एका मुलाने ते ऐकले.

परंतु दुर्मीळतेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता कामा नये. ज्याच्या वाटेवर ते दुकान नव्हते, ज्याच्या वाड्यात रेडिओ नव्हता, ज्याच्याकडे परवान्याचे पैसे नव्हते, त्याच्या कानांपर्यंत हे सूर पोचलेच नाहीत. शास्त्रीय संगीत ऐकावयाचे तर मैफलीचे आमंत्रण हवे, किंवा गुरूचे घर हवे. खेड्यातल्या, कष्टकरी घरातल्या आणि विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला हे क्वचितच येई. ही दारे पुढच्या काळात एकामागून एक उघडत गेली. आणि त्यांतले सर्वांत मोठे दार इंटरनेटने उघडले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून येई आणि त्याचा वेग इतका मंद असे, की तीन मिनिटांचे एक गाणे उतरवून घेण्यास पाव तास सहज लागे. ध्वनी तारेतून पाठवायचा म्हणजे आधी त्याचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. सीडीवरील संगीतात एका सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते. एका मिनिटाच्या अशा संगीताला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील शास्त्रज्ञांचा जिच्या घडणीत मोठा वाटा होता, त्या एमपी३ पद्धतीने यावर युक्ती काढली. मानवी कानाच्या सहसा लक्षात न येणारे बारकावे तिने वगळले आणि तेच संगीत सुमारे १ मेगाबाइटमध्ये बसविले. आज आपण दूरवरचे गाणे लावतो, तेव्हा त्याचे लहान लहान तुकडे होऊन ते आपल्या फोनकडे निघतात. फोन त्यांचा थोडा साठा आधीच करून ठेवतो आणि मग क्रमाने वाजवितो. म्हणूनच जाळे क्षणभर तुटले, तरी गाणे लगेच थांबत नाही.

२००५ मध्ये यूट्यूब आले आणि २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट पुष्कळच स्वस्त झाले. आता बालगंधर्वांचे नाट्यपद, गौहरजान यांचे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण आणि कालच प्रसिद्ध झालेले चित्रपटगीत एकाच फोनवर ऐकता येते. आकाशवाणीच्या निरनिराळ्या भाषांतील वाहिन्याही इंटरनेटवरून देशात कोठेही ऐकू येतात. बडोद्यात, इंदुरात किंवा बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला आता आकाशाला टेकून येणाऱ्या आवाजासाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना कित्येक चित्रफितींखाली उमटणारी अक्षरे वाचता येतात. एकच राग चार गायकांच्या कंठातून लागोपाठ ऐकून त्यातील फरक पारखणे, ही पूर्वी मोजक्यांनाच मिळणारी संधी आज कोणालाही मिळू शकते.

हे सारे मला ठाऊक होते. पण त्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी ठळकपणे कळल्या त्या आईमुळे. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची दृष्टी नेली. जन्मभर ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणणारी ही बाई. तिच्या हातातून पुस्तक गेले, तेव्हा ती फारशी काही बोलली नाही, केवळ गप्प होत गेली. ती बडोद्याला भावाकडे राहते. दिवसभर घरातली माणसे कामाला गेलेली असतात. तिच्या सोबतीला म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्याची एक मुलगी ठेवलेली आहे. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती.

माझ्या भाच्याने आजीसाठी एक फोन आणला आणि त्यावर भक्तिगीते, नाट्यगीते, कीर्तने, कथावाचन असे नाना प्रकार लावून दिले. एक संपले, की दुसरे आपोआप सुरू होई. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. तिसऱ्या दिवशी आई त्या मुलीला म्हणाली, "बंद कर गं तो. सारखं कुणीतरी बोलतंय. पण माझ्याशी कुणी बोलत नाही."

त्या खोलीत तेव्हा दोन माणसे होती आणि दोन फोन होते. एक आईच्या उशाशी अखंड वाजणारा. दुसरा त्या मुलीच्या हातात, त्याची तार तिच्या कानांत. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर आणि तरीही दोन वेगळ्या गावांत. एका दुपारी आईने तिला विचारले, "तुझ्या कानात काय चाललंय, ते मलाही ऐकव की." मुलगी आधी लाजली. मग तिने तार काढून आपल्या भागातील पावरीच्या सुरांवरचे नाचाचे गाणे मोठ्याने लावले. आईने ते दोनदा ऐकले. पावरी कशाची करतात, ती कोण वाजवितो, नाचताना पावले कशी पडतात, हे सारे तिने विचारून घेतले. त्या मुलीला तिच्या घरच्या बोलीबद्दल आणि गाण्यांबद्दल शहरात असे कोणी विचारले नव्हते.

तेव्हापासून फोन दिवसभर वाजत नाही. सकाळी मराठी प्रादेशिक बातम्या, दुपारी एखादी श्रुतिका किंवा कथा आणि सायंकाळी गाणे, अशी वेळापत्रके दोघींनी मिळून ठरविली आहेत. बाकीचा वेळ फोन बंद असतो. ऐकून झाले, की त्यावर बोलणे होते. गेल्या रामनवमीपासून त्यांनी 'गीतरामायण' आरंभिले आहे. पण पूर्वीसारखेच, आठवड्याला एक गीत. तेच गीत आठवडाभर रोज ऐकायचे. मी आईला म्हणाले, "अगं, रोज एक ऐकलंस, तरी दोन महिन्यांत सगळी संपतील." ती म्हणाली, "संपवायची कुणाला घाई आहे?"

ऐंशी ओलांडलेल्या, अंथरुणाला बऱ्याच अंशी खिळलेल्या माणसाने छप्पन्न आठवड्यांचा बेत आखावा, याला काय म्हणावे? माझ्या मते, तिने पुढच्या वर्षभरासाठी स्वतःला रोजचे एक काम मिळविले आहे. आणि हे काम तिचे एकटीचे नाही. ती मुलगी गीत मध्येच थांबविते, मागे नेते, पुन्हा लावते आणि शब्द वहीत उतरवून घेते. आईच्या लहानपणी चार मैत्रिणींना मिळून करावे लागे, ते फोनमुळे तिला एकटीला करता येते. पण फोन तिला शब्दाचा अर्थ समजावीत बसत नाही. "आजी, वल्कलं म्हणजे काय?" असे ती विचारते आणि आई झाडाच्या सालींच्या वस्त्रांपासून सुरुवात करून वनवासापर्यंत जाते. या मुलीने आता मुक्त विद्यालयात दहावीसाठी नाव नोंदविले आहे. मराठीच्या पाठांतील अवघड वाक्ये ती आईपुढे मोठ्याने वाचते. आईला पुस्तक पुन्हा लाभले आहे. ते फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांतून येते.

शाळेबाहेर राहून शिकणाऱ्यांना या साधनांचा किती उपयोग होऊ शकतो, हे यावरून ध्यानात येईल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने 'मुक्त विद्या वाणी' या नावाने इंटरनेटवरून ध्वनिकार्यक्रम देण्याचा उपक्रम सुरू केला, तो याच विचाराने. वर्गात शिक्षकाला 'पुन्हा सांगा' म्हणण्याचा संकोच वाटतो; ध्वनिफीत मात्र दहादा मागे नेली, तरी कंटाळत नाही. थोडा हिशेबही ठेवावा. साधारण प्रतीचे संगीत किंवा भाषण तासभर ऐकले, तर सुमारे ५८ मेगाबाइट डेटा लागतो; तेवढ्याच वेळाची चित्रफीत, फारशी ठसठशीत नसली, तरी ४५० मेगाबाइटच्या आसपास डेटा सहज घेते. म्हणजे जेथे पाहण्यासारखे काही नाही, तेथे केवळ ऐकण्याने पैशांची बचत होते आणि डोळ्यांनाही विसावा मिळतो.

आणखी एक हिशेब आहे. तो पैशांत मोजता येत नाही. इंटरनेटवर पुष्कळशा गोष्टी फुकट मिळतात असे आपण मानतो. वस्तुतः जाहिरातदार त्यांची किंमत देत असतो आणि तो विकत घेतो ते आपले लक्ष. आपण अधिकाधिक वेळ तेथे खिळून राहावे, यासाठीच पुढचे गाणे आपोआप लागते, पुढची चित्रफीत आपोआप उघडते. निवड आपली आहे असे वाटते; पण पुष्कळदा आपण केवळ 'नको' म्हणावयाचे विसरलेलो असतो. रेडिओच्या काळी कार्यक्रम संपला, की निवेदक निरोप घेई आणि आपण उठून कामाला लागत असू. आज निरोप घेणारे कोणी उरलेले नाही. तो आपल्यालाच घ्यावा लागतो.

गाणाऱ्याचाही विचार करावयास हवा. गीत लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि गाणारा या सर्वांचे त्यामागे श्रम असतात. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरील हक्क त्याच्या प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि २०१२ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना व संगीतकारांना स्वामित्वधनातील त्यांचा वाटा अधिक भक्कमपणे मिळवून दिला. चोरून उतरविलेली गाणी ऐकण्याऐवजी अधिकृत ठिकाणची ऐकणे, ही कलावंताला दिलेली साधी दाद आहे. मैफलीत आपण टाळी वाजवितो. येथे ती अशी वाजवावी.

आपल्या भाषेत 'अवधान' असा एक जुना शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. ते दिले, तर सर्व सुख लाभेल, असे आश्वासनही देतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांपुढे ना रेडिओ होता, ना फोन. तरीही त्यांच्याकडे ही मागणी करावी लागली. याचा अर्थ, मन भरकटणे हा काही इंटरनेटने लावलेला रोग नव्हे. ऐकणाऱ्याचे अवधान ही पूर्वीपासूनच मोठ्या मोलाची गोष्ट आहे. फरक इतकाच, की पूर्वी परिस्थितीच आपल्याला एका जागी बसवीत असे. आता ते काम आपण स्वतः करावयाचे आहे.

म्हणून ज्यांच्या हाती फोन आहे, त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. दिवसातली वीस मिनिटे ऐकण्यासाठी राखून ठेवावी. काय ऐकायचे, ते आधी आपण ठरवावे. फोनला ठरवू देऊ नये. शक्य असेल, तर कानांतील तार काढून घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवावे : आईला, मुलाला, कामावरून दमून आलेल्या भावाला. ऐकून झाल्यावर फोन बंद करावा आणि काय ऐकले, ते एकमेकांना सांगावे. सांगता आले, तर आपण ऐकले. सांगता आले नाही, तर उद्या तेच पुन्हा लावावे. त्यासाठी आता आठवडाभर थांबण्याची गरज नाही.